यादीशी संग्रहाचा ताळा : एका जुन्या पद्धतीची पार्श्वभूमी

ग्रंथालयात कोणती पुस्तके आहेत ते दाखलनोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवणारी वही, सांगते. कोणती असायला हवी होती आणि नाहीत, हे मात्र कोणत्याच वहीत लिहिलेले नसते. ते जाणून घ्यायचे तर बाहेरची एखादी भरवशाची यादी हातात घेऊन कपाटांपुढे उभे राहावे लागते. एकेक नाव शोधायचे, सापडले की खूण करायची. काम कंटाळवाणे आहे, पण संग्रह पारखण्याचा याच्याइतका जुना मार्ग क्वचितच दुसरा असेल.

गंमत म्हणजे त्याची सुरुवात यादीपासून झालीच नाही, ती तळटीपांपासून झाली. १८४९ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे ग्रंथपाल चार्ल्स कॉफिन ज्युएट यांनी अमेरिकेतल्या ग्रंथालयांची पाहणी करताना एक साधा प्रश्न विचारला : आंतरराष्ट्रीय कायद्यासारख्या विषयावरच्या मान्यवर ग्रंथात ज्या पुस्तकांचे आधार दिले आहेत, ती आपल्या देशात वाचायला मिळतात का? त्यातली कितीतरी पुस्तके देशात मिळत नव्हती. संग्रहाचा आकार सांगणे सोपे होते. त्या संग्रहाच्या बळावर अभ्यास होऊ शकतो का, हे ज्युएट यांनी तपासले. मला हा प्रश्न आजही पुढच्या सगळ्या याद्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

शिफारशींच्या याद्या नंतर आल्या, आणि त्या आल्या गरजेतून. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने सर्वसामान्य वाचकांच्या ग्रंथालयासाठी निवडलेली ५,००० पुस्तके मांडून दाखवली आणि त्यांची सूचीही छापली. त्या काळात गावोगावी नवी ग्रंथालये उघडत होती. इमारत होती, देणगी होती, पण आधी काय विकत घ्यायचे हे सांगणारे कोणी नव्हते. १९०४मध्ये दशांश वर्गीकरण पद्धतीचे जनक मेल्विल ड्युई यांच्या संपादनाखाली हीच सूची ८,००० पुस्तकांची झाली. ग्रंथालयांसाठी सूची छापणाऱ्या एच. डब्ल्यू. विल्सन या अमेरिकन प्रकाशन कंपनीने १९०९मध्ये बालवाचकांसाठी स्वतंत्र सूची काढली.

खरेदीसाठी केलेली यादी मोजपट्टी कधी झाली? माझ्या मते हे वळण महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आले. १९३१मध्ये चार्ल्स शॉ यांची सुमारे १४,००० पुस्तकांची यादी निघाली, तिच्यामागे कार्नेगी कॉर्पोरेशन या अमेरिकन देणगीदार संस्थेची मदत होती. पुढे १९६७ची ‘बुक्स फॉर कॉलेज लायब्ररीज’ ही यादी आली, पन्नास हजारांहून जास्त पुस्तकांची. तिचा जन्म लक्षात ठेवण्यासारखा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाला सॅन दिएगो, अर्व्हाइन आणि सांताक्रूझ इथे तीन नवी संकुले उभारायची होती आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्याच दिवशी तयार ग्रंथालय हवे होते. त्यासाठी जी निवड झाली, तिच्यातून ही यादी घडली. निवड करताना हार्वर्डच्या लॅमाँट ग्रंथालयासारख्या संपन्न संग्रहांच्या सूचींचा आधार घेतला होता.

पद्धतीची दुखरी नस इथेच आहे. मोठ्या विद्यापीठाच्या कपाटांतून यादी निघते आणि तिनेच लहान गावातल्या महाविद्यालयाची कपाटे मोजली जातात. शंभरातली साठ सापडली तर साठ गुण! पण उरलेली चाळीस तिथल्या विद्यार्थ्यांना हवीच होती का? आणि यादीत नसलेली, स्थानिक वाचकाने हातोहात नेलेली पुस्तके कोणत्या रकान्यात मांडायची? १९८०च्या सुमारास रिसर्च लायब्ररीज ग्रुप या अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या गटाने ‘कॉन्स्पेक्टस’ हा संग्रह पारखण्याचा आराखडा आणला. विषयवार संग्रहाला ० (काहीच नाही) ते ५ (सर्वंकष) अशा पातळ्या दिल्या. या विषयात आपल्याला किती खोल जायचे आहे, हे ग्रंथालयाने आधी स्वतः ठरवायचे. यादी राहिली, पण पडताळ्यापुरती.

आपल्याकडे वाट वेगळी होती. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, म्हणजे शिकागोच्या प्रदर्शनाच्याच वर्षीचे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चे. तिथे ‘निवडक पाच हजार’ अशी कल्पना नव्हती. मराठीत छापलेले जे जे मिळेल ते जपायचे, ही आस होती. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि मग १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली तीही याच वृत्तीने. म्हणून दात्यांच्या सूचीशी एखाद्या गावच्या वाचनालयाचा ताळा जुळवणे अन्यायाचे ठरेल. ती सर्व ग्रंथांची नोंद आहे, शिफारस नव्हे.

शिफारशीची यादी आपल्याकडे सरकारी अनुदानाबरोबर आली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा. १९७२मध्ये कोलकात्यात राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्याच्या योजनांतून पुस्तके गावागावांत पोहोचू लागली. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या याद्या कार्यकर्त्यांच्या ओळखीच्या आहेत. पण त्या नव्या पुस्तकांच्या. यंदा काय घ्यावे याचे उत्तर त्यांत मिळते. वीस वर्षांपूर्वी फाटून बाद झालेले आणि पुन्हा कधीच न घेतलेले पुस्तक त्यांत दिसत नाही. लहान वाचनालयांतल्या खऱ्या पोकळ्या मला तिथेच दिसतात, आणि त्या भरल्या जाव्यात असे मनापासून वाटते.

मराठीत ताळा घ्यायला बसले की आणखी एक अडचण येते. यादीत ‘कुसुमाग्रज’ असते, नोंदवहीत ‘शिरवाडकर, वि. वा.’. एकीकडे ‘अनिल’, दुसरीकडे ‘देशपांडे, आ. रा.’. जुन्या नोंदींत ‘कांहीं’, नव्या यादीत ‘काही’, कारण १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, जुन्या पुस्तकांसाठी मदतीला येत नाही, कारण १९७०च्या आधी तो क्रमांकच नव्हता. संगणकाने दोन याद्या जुळवल्या की ‘नाही’ म्हणून निघणाऱ्या नावांत अशी कितीतरी असतात, आणि पुस्तक मात्र समोरच्या फळीवर, एखाद्या समग्र खंडाच्या पोटात बसलेले असते. म्हणून पहिली फेरी संगणकाची असली तरी दुसरी फेरी त्या संग्रहात वर्षानुवर्षे वावरलेल्या माणसाचीच हवी.

आणि यादीच हाती नसेल तर ज्युएट यांची वाट आहेच. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६चा. त्यातल्या कितीतरी नोंदींच्या शेवटी ‘संदर्भ’ दिलेले असतात. आपल्या तालुक्याच्या जिव्हाळ्याचे दहा विषय घ्यावेत : ऊस, वारकरी संप्रदाय, तिथला किल्ला, तिथला संत. त्या नोंदींखालची मराठी पुस्तके कागदावर उतरवावीत, प्रत्येकापुढे तीन रकाने आखावेत : फळीवर आहे, नोंदवहीत आहे पण फळीवर नाही, कधीच नव्हते. मधला रकाना आधी पाहावा. त्यातली काही पुस्तके कुणाच्या तरी घरी असतील, काही दुरुस्तीच्या गठ्ठ्यात, आणि काही बाद पुस्तकांच्या यादीत.