डब्ल्यू३५ म्हणजे पस्तीस हजार डॉलर नव्हेत

सोलापुरात थंडीच्या दिवसांत महिलांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा भरते, तेव्हा ‘डब्ल्यू३५’ हे नाव वाचून बक्षीस ३५ हजार डॉलर असेल असा समज सर्रास होतो. २०२३ पर्यंत ही रीत बरोबर होती. डब्ल्यू१५ म्हणजे १५ हजार, डब्ल्यू२५ म्हणजे २५ हजार. २०२४ पासून नावातला आकडा विजेतीला मिळणाऱ्या क्रमवारीच्या पॉइंटचा झाला. जुन्या डब्ल्यू२५ला डब्ल्यू३५ म्हणू लागले, पण त्या वर्षी एकूण बक्षीस २५ हजार डॉलरच राहिलं. डब्ल्यू७५चं बक्षीस ६० हजार. डब्ल्यू१५ आणि डब्ल्यू१०० या दोन टोकांना मात्र दोन्ही आकडे जुळतात, म्हणून गोंधळ लवकर लक्षातही येत नाही. जुन्या डब्ल्यू२५च्या विजेतीला ५० पॉइंट मिळत. म्हणजे नाव दहाने वाढलं आणि पॉइंट पंधराने घटले.

महिलांची संगणकीय क्रमवारी, म्हणजे आजची मुख्य (डब्ल्यूटीए) क्रमवारी, नोव्हेंबर १९७५ची. तिच्या तळाशी कित्येक वर्षं १० हजार डॉलरच्या स्पर्धा होत्या, २०१७ मध्ये त्या १५ हजारांच्या झाल्या. तोवर भाववाढ झाली, विमानभाडं वाढलं, बक्षीस मात्र हललं नाही. खेळणं परवडत नाही या आजच्या तक्रारींचं मूळ इथंच आहे.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३च्या हिशेबांवरून पाहणी केली, तेव्हा व्यावसायिक स्पर्धांत सुमारे १४ हजार खेळाडू उतरत होते आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना एक डॉलरही मिळत नव्हता. महिला खेळाडूचा वर्षाचा खर्च सरासरी ४० हजार डॉलर, तोही प्रशिक्षकाचा पगार सोडून. खर्च भरून निघायला क्रमवारीत २५३च्या आसपास असावं लागे, पुरुषांना ३३६ पुरे होतं. यातून निष्कर्ष निघाला की खेळाडूच जास्त झालेत. व्यावसायिक म्हणावेत असे पुरुष ७५० आणि महिला ७५० एवढेच ठेवायचे ठरले.

त्याप्रमाणे जानेवारी २०१९ पासून १५ हजार डॉलरच्या स्पर्धांचे पॉइंट मुख्य क्रमवारीतून काढून टाकले. त्यांच्यासाठी वेगळी यादी आणि वेगळे ‘प्रवेश पॉइंट’. डब्ल्यू१५ जिंकणारी मुलगी मुख्य यादीत शून्यावर. आधीच्या वर्षी अशाच स्पर्धांतून कमावलेले पॉइंटही नव्या यादीत वळवले, त्यामुळे कित्येकींचं नाव मुख्य क्रमवारीतून एका आठवड्यात गेलं. प्रायोजक विचारतो तो मुख्य क्रमवारीतला क्रमांक. दुसऱ्या यादीतला आकडा त्याच्या लेखी कागदावरची शाई. ऑनलाइन अर्जावर हजारो सह्या झाल्या आणि ऑगस्ट २०१९ मध्ये डब्ल्यू१५चे पॉइंट परत आले, तेही मागच्या तारखेपासून. खर्चाची पाहणी खरी होती. तिच्यावरचा उपाय मात्र ज्यांना पैसे मिळत नव्हते त्यांचीच गणती बंद करण्याचा निघाला, आणि ते आठ महिन्यांत मागे घ्यावं लागलं. वेगळी यादी तेवढी उरली. मुख्य क्रमवारी नसलेल्या मुलींना प्रवेशासाठी ती आजही कामी येते.

आता डब्ल्यू१५मध्ये मुख्य ड्रॉ, म्हणजे सामन्यांच्या जोड्यांची मुख्य यादी, ३२ जणींचा. पहिली फेरी जिंकली की १ पॉइंट, अंतिम सामना हरली तरी १०, विजेतीला १५. क्रमवारीत नाव यायला तीन स्पर्धांत पॉइंट हवेत किंवा एकूण १० पॉइंट. म्हणजे तीन ठिकाणी एकेक फेरी काढणारी मुलगीही यादीत येते, आणि एकदाच अंतिम फेरी गाठणारीही.

प्रवेश बंद होतो स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधी, गुरुवारी, भारतीय वेळेने संध्याकाळी साडेसातला. माघारीची मुदत त्यानंतरच्या मंगळवारी. नवख्या मुली इथंच चुकतात. शनिवारी दुसऱ्या गावी उपांत्य फेरी गाठली म्हणून सोलापूर रद्द केलं, तर ती उशिराची माघार धरतात आणि दंड लागू शकतो. नावापुढे ‘+एच’ असेल तर मुख्य ड्रॉतल्या खेळाडूंची राहण्याची सोय आयोजकांकडे. नसेल तर खोली, जेवण, पुणे विमानतळापासूनचे अडीचशे किलोमीटर, सगळं स्वतःचं. पहिल्याच फेरीत हरणारीला डब्ल्यू१५मध्ये दीडशे डॉलरच्या आसपास मिळतात. डॉलर ८५ रुपये धरला तर साधारण साडेबारा-तेरा हजार रुपये. परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून भारतात २० टक्के कर आणि वर उपकर आधीच कापतात.

गटिंगचा, म्हणजे रॅकेटला तार बसवण्याचा, खर्च वेगळाच. २०० मीटरच्या रिळातून १२ मीटर प्रत्येकी धरले तर सोळा रॅकेट होतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, हवा कोरडी. डिसेंबरातही दुपारी चेंडू सुटतो, सकाळच्या गारव्यात तो जड पडतो. त्यामुळे एकाच ताणाच्या दोन रॅकेट घेऊन येणारी दुपारी रेषेबाहेर मारत बसते. एक रॅकेट किलोभर जास्त ताणाची लागतेच.

पॉइंट ५२ आठवडे टिकतात. २०२३ पर्यंत एकेरीत सर्वोत्तम १६ स्पर्धा मोजत, २०२४ पासून १८. मुदत ५२ आठवड्यांचीच असल्याने सोलापुरात डिसेंबरात मिळालेले पॉइंट पुढच्या डिसेंबरात गळतात. वेळापत्रकात तेव्हा सोलापूर नसेल, तर त्याच आठवड्यात दुसरीकडे कुठे प्रवेश मिळतो ते शोधावं लागतं, आणि तिथला ड्रॉ तगडा निघाला तर क्रमांक घसरतो.