पलंगाखालची बाटली

सलाईनची बाटली डोक्याच्या वर टांगतात, मग ही बाटली जमिनीवर का? मिरजेच्या एका दवाखान्यात माझ्या धाकट्या दिरांच्या उशाशी मी आठ दिवस काढले. भेटायला येणाऱ्या जवळपास प्रत्येक पाहुण्याने हा प्रश्न विचारला. एका काकांनी तर "स्टँड शिल्लक नाही का?" म्हणून सिस्टरांकडे चौकशीही केली.

भाऊजींची तासगावकडे द्राक्षबाग आहे. ऐन छाटणीच्या दिवसांत न्यूमोनिया अंगावर काढला आणि उजव्या छातीत पू झाला. डॉक्टरांनी बरगड्यांमधून बोटाएवढी नळी घातली आणि तिचं दुसरं टोक पलंगाखालच्या बाटलीत पाण्याखाली बुडवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी फरशी पुसायला मावशी आल्या. त्यांना अडचण नको म्हणून मी बाटली उचलली आणि गादीवर भाऊजींच्या पायाशी ठेवू लागले. पलीकडच्या कॉटजवळ असलेल्या सिस्टर अक्षरशः धावत आल्या. "ताई, खाली! आधी बाटली खाली ठेवा!"

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. हवेचा दाब मोजणारी टॉरिसेलीची नळी दरवर्षी फळ्यावर काढते. पण त्या क्षणी आपल्या हातून काय होऊ घातलंय, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्या दिवसापासून मी ती बाटली नीट बघायला लागले.

आधी एक गैरसमज. "छातीत पाणी झालं" म्हटलं की ते फुप्फुसाच्या आत साचलंय असं बहुतेकांना वाटतं. ते साचतं फुप्फुसाच्या बाहेर. फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि छातीच्या भिंतीला आतून दुसरं. दोन्ही एकमेकांना चिकटून असतात, मध्ये जेमतेम दोन-चार चमचे ओल. काचेच्या दोन पट्ट्या ओल्या करून एकमेकींवर ठेवून बघा. एकीवरून दुसरी सहज सरकते, पण सरळ ओढून वेगळी करायला गेलं तर सुटत नाही. फुप्फुस छातीच्या भिंतीला असंच धरून असतं. बरगड्या वर-बाहेर गेल्या की तेही फुलतं. स्वतःहून फुलायला त्याच्याकडे स्नायूच नाहीत.

उलट फुप्फुसाची सगळी धडपड आकसण्याची असते, ताणलेल्या रबरासारखी. बरगड्यांचा पिंजरा बाहेर उसळी घेत असतो. या दोघांच्या ओढाताणीत मधल्या फटीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी राहतो. किती कमी? शांत बसलेल्या माणसात साधारण ५ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. सांगली-मिरज भाग समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब म्हणजे पावणेदहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ. त्या ९७५ सेंटिमीटरमधले फक्त ५ कमी, म्हणजे अर्धा टक्का. एवढ्याशा फरकावर आपलं फुप्फुस आयुष्यभर उघडं राहतं. छातीला आरपार भोक पडलं की बाहेरची हवा फटीत शिरते, ओढ संपते आणि फुप्फुस गोळा होतं. मटणाच्या दुकानात बकऱ्याचं फुप्फुस किती लहान दिसतं ते आठवा. जिवंतपणी ते त्याच्या कितीतरी पट जागा व्यापून होतं.

डॉक्टरांपुढचा पेच इथे आहे. पू बाहेर यायला नळी तर घालायलाच हवी, पण त्याच नळीतून हवा आत जाता कामा नये. म्हणजे एकाच दिशेने उघडणारी झडप हवी. हॅम्बुर्गच्या गोटहार्ड ब्यूलाऊ या डॉक्टरांनी १८७५ मध्ये ती पाण्याची केली. नळीचं टोक पाण्यात साधारण २ सेंटिमीटर बुडवायचं. खोकल्याने किंवा श्वास सोडताना छातीतला दाब २ सेंटिमीटरपेक्षा वाढला की हवा किंवा पू पाणी ढकलून बाहेर. श्वास घेताना छाती आत ओढते, तेव्हा हवेच्या वाटेवर पाणी आडवं असतं. आत येण्याचा प्रयत्न करतं ते पाणीच, आणि तेही नळीत थोडं चढून थांबतं.

हे चढणं-उतरणं डोळ्यांनी दिसतं. भाऊजींनी श्वास घेतला की नळीतलं पाणी चार-पाच बोटं वर, सोडला की खाली. रात्री वॉर्डातले दिवे मंद केल्यावर मी मोबाइलच्या उजेडात ते बघत बसायची. छातीतला दाब दाखवणारं मापक पलंगाखाली ठेवलेलं होतं, त्याला ना वीज लागत होती ना पडदा.

आता माझ्या चुकीकडे येते. भाऊजींचा साधा श्वास पाण्याला चार-पाच बोटं चढवत होता. पण माणूस दचकून, अडखळून जोरात श्वास ओढतो तेव्हा ही ओढ ८० सेंटिमीटर पाण्याइतकीही होऊ शकते. बाटली छातीच्या खाली तेवढी असेल तर पाणी वाटेतच थांबतं. मी ती गादीवर आणली होती. तिथून छातीपर्यंत चढ राहिलाच नव्हता. तशा एका श्वासासरशी बाटलीतलं पाणी, त्यात उतरलेला पू, सगळं परत छातीत गेलं असतं. बाटली छातीच्या वर उचलली असती तर श्वासाचीही गरज नव्हती. ट्रॅक्टरच्या टाकीतून पाइपने डिझेल काढतात तसं ते आपोआप वाहत गेलं असतं. सलाईन शिरेत ढकलायची असते म्हणून तिला उंची द्यावी लागते. इथे उंची छातीला द्यायची आणि बाटलीला तळ.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. बाटली रुंद का असते? नळीचा आतला व्यास १ सेंटिमीटर धरा. तिच्या छेदाचं क्षेत्रफळ होतं सुमारे ०.७९ चौरस सेंटिमीटर. जोरदार श्वासाने पाणी ८० सेंटिमीटर चढलं तर नळीत गेलं ६३ मिलिलीटर. हे आलं बाटलीतूनच. बाटली १२ सेंटिमीटर रुंद असेल तर तिचं क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तिच्यातली पातळी उतरली साधारण अर्धा सेंटिमीटर. नळीचं टोक २ सेंटिमीटर बुडालेलं होतं, ते अजून दीड सेंटिमीटर पाण्यात आहे. झडप शाबूत. तेच बाटली ५ सेंटिमीटर रुंदीची घेतली, तर पातळी ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरेल, टोक उघडं पडेल आणि हवा थेट छातीत. बारीक नळी आणि पसरट भांडं ही सोय म्हणून केलेली निवड नाही, त्यात गणित आहे.

या रचनेतली खोट त्याच गणितात आहे. पू जसजसा बाटलीत जमतो तशी पातळी वर चढते. सकाळी २ सेंटिमीटर बुडालेलं टोक संध्याकाळी ८ सेंटिमीटर बुडालेलं असतं. मग आतल्या हवेला बाहेर पडायला चौपट जोर लावावा लागतो. यावर उपाय म्हणजे दोन बाटल्या जोडायच्या, पहिलीत पू जमेल आणि दुसरी फक्त झडप राहील. त्याला यंत्राने ओढ द्यायची तर तिसरी जोडायची. तिसरीतली उघडी नळी २० सेंटिमीटर बुडवून ठेवली की यंत्र कितीही जोरात ओढो, छातीला मिळणारी ओढ २० च्या आसपासच राहते. त्यापुढे बाहेरची हवा त्या नळीतून बुडबुड करत शिरते आणि जास्तीचा जोर तिथेच जिरतो. हल्ली मोठ्या दवाखान्यांत प्लास्टिकचा चौकोनी खोका दिसतो, त्याचे तीन कप्पे म्हणजे या तीन बाटल्या.

ही झडप नसण्याची किंमत १९१८ मध्ये दिसली. इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकी सैन्याच्या छावण्यांमध्ये हजारो तरुणांच्या छातीत पू झाला. पू दिसला की कापून वाट मोकळी करायची, हा त्या वेळचा रिवाज. फोड फोडावा तशी छाती उघडली जात होती. पण आजाराच्या सुरुवातीला पू पातळ असतो, फुप्फुस अजून सुजेने भिंतीला कायमचं जखडलेलं नसतं. छाती उघडली की ते कोसळायचं आणि रुग्ण पुवाने नव्हे, श्वासाने जायचा. सर्जन एव्हार्ट्स ग्रॅहम सैन्याच्या ज्या वैद्यकीय आयोगावर होते त्याने आग्रह धरला, की सुरुवातीला बंद नळी, उघडी जखम नको. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने उतरलं.

छातीची शस्त्रक्रिया इतर शस्त्रक्रियांच्या मागे राहिली तीही याच ५ सेंटिमीटरमुळे. १९०४ मध्ये जर्मन सर्जन फर्डिनांड झाउअरब्रुख यांनी त्यावर अख्खी खोली बांधली. रुग्णाचं डोकं बाहेर, धड आत, सर्जनही आत, आणि खोलीतला दाब कमी केलेला. पुढे श्वासनलिकेत नळी घालून आतूनच हवा देणं जमलं आणि त्या खोलीची गरज संपली. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनी मूत्राशय बघायची दुर्बीण छातीत घालून पाहिली. आज दोन-तीन छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारं घालून फुप्फुसाचा एखादा भाग काढतात किंवा त्यावर बसलेली पुवाची जाड साल सोलून काढतात. त्यासाठी भूलतज्ज्ञ दुहेरी नळीने एकच फुप्फुस चालू ठेवतात, दुसरं मुद्दाम आकसू देतात. ज्या कोसळण्याला सर्जन घाबरत होते, तेच आता त्यांना काम करायला जागा करून देतं.

औषधांतही मोठा बदल झाला. पू जुना झाला की आत जाळ्या धरतात, कप्पे पडतात, आणि नळी एकाच कप्प्याचा पू काढते. २०११ मध्ये छापलेल्या २१० रुग्णांच्या चाचणीत नळीतून दोन औषधं एकत्र दिली, एक जाळ्या विरघळवणारं आणि दुसरं पुवातल्या मेलेल्या पेशींचे चिकट धागे तोडणारं. शस्त्रक्रियेसाठी पाठवायची वेळ १६ टक्क्यांऐवजी ४ टक्के रुग्णांवर आली. एकेकटं औषध दिल्यावर असा फायदा दिसला नाही. जाळी तुटली तरी चिकटपणा वाटच अडवून बसतो.

आपल्याकडे मात्र रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत साल जाड झालेली असते, आणि त्यामागे ऐकीव गोष्टी असतात. "एकदा पाणी काढलं की छातीला सवय लागते." सवय लागत नाही. मूळ आजार बरा झाला नाही तर पाणी परत भरतं, मग सुई लावा अगर लावू नका. क्षयाचं पाणी सहा महिन्यांच्या गोळ्या नेमाने घेतल्याने जातं. "पाणी कमी प्या" हीही तशीच एक. छातीतल्या पाण्याचा प्यायलेल्या पाण्याशी संबंध नाही, ते सुजलेल्या आवरणातून पाझरतं. आणि बिब्बा घालणं, छातीवर डाग देणं हे तर अजून चालूच आहे. मिरजेत डॉक्टर झालेले आणि साताऱ्यात राहून अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्याच भागातले. ज्या जिल्ह्यात वानलेसवाडीला क्षयरोग्यांचं सॅनिटोरियम होतं, तिथे दम लागलेल्या लेकराला डाग द्यायला नेणं मला सहन होत नाही. दुसऱ्या टोकाला रोबोटच्या शस्त्रक्रियेच्या जाहिराती आहेत. रोबोट उत्तम हत्यार आहे. पण शस्त्रक्रिया कुणीही केली, तरी शेवटी रुग्णाच्या कुशीतून नळी निघते आणि तिला झडप लागतेच. आताची डिजिटल यंत्रं मिनिटाला किती मिलिलीटर हवा गळते ते आकड्यात सांगतात, तेव्हा नळी कधी काढायची हा अंदाजाचा भाग कमी होतो.

शेजारच्या कॉटवरचे आजोबा बिडी ओढून फुप्फुस फुटलेले होते. त्यांच्या बाटलीत बुडबुडे यायचे, आमच्या बाटलीत नाहीत. बुडबुडे म्हणजे फुप्फुसातून हवा गळतेय. अशा वेळी नळीला चिमटा लावला तर हवा आत कोंडते आणि हृदयालाच दाबते, म्हणून सिस्टर नातेवाइकांना नळीला हातही लावू देत नव्हत्या.

सहाव्या दिवशी सकाळी आमच्या नळीतलं पाणी हलायचं थांबलं. माझ्या पोटात गोळा आला. पाणी थांबतं ते दोन कारणांनी: नळी कुठे तुंबली किंवा दुमडली तर, नाहीतर फुप्फुस पूर्ण फुलून नळीच्या तोंडाशी आलं तर. सिस्टरांनी नळी वरपासून खालपर्यंत तपासली, डॉक्टरांनी एक्स-रे मागवला. काळ्या फिल्मवर उजवी बाजू डावीसारखीच फुललेल्या फुप्फुसाने भरलेली होती. दुसऱ्या दिवशी भाऊजींना श्वास सोडून, तोंड मिटून पोटाला जोर द्यायला सांगितलं आणि तेवढ्यात नळी ओढून टाका आवळला. जोर दिला की छातीतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होतो, भोकातून हवा आत यायला वाव राहत नाही.

घरी येताना तीन गोळ्यांचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र दिलं. परवा बागेतल्या शेडमध्ये पुतण्याने ते उचललं आणि गाल फुगवून फुंकायला लागला. गोळ्या जागच्या हलेनात. "फुंकायचं न्हाई रे," भाऊजी म्हणाले, "वढायचं." त्यांनी नळी तोंडात धरली, सावकाश श्वास ओढला. पहिली गोळी वर गेली, मग दुसरी. तिसरी थोडी उठली आणि परत बसली.