शालेय शारीरिक शिक्षण आणि त्याचे शिक्षक

शालेय शारीरिक शिक्षण : शाळेच्या वेळापत्रकात, सर्व विद्यार्थ्यांना, हालचालींतून आणि हालचालींविषयी दिले जाणारे शिक्षण. धावणे, उडी मारणे, फेकणे, झेलणे, तोल सांभाळणे या मूलभूत कौशल्यांपासून जिम्नॅस्टिक्स, अ‍ॅथलेटिक्स, सांघिक खेळ, नृत्य आणि पोहण्यापर्यंत त्याचा आवाका आहे. शाळेचे खेळ आणि शारीरिक शिक्षण या दोन गोष्टी सर्रास एकच समजल्या जातात. शाळेच्या संघात निवडक मुले असतात आणि त्यांना सामना जिंकायचा असतो. शारीरिक शिक्षणाचा तास मात्र पळताना धापा टाकणाऱ्या, चेंडू अंगावर आला की डोळे मिटणाऱ्या आणि चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलाचाही तितकाच असतो. हा फरक नजरेआड झाला की विषय बिघडतो आणि शिक्षकाचे मोजमापही चुकते.

इतिहास

आधुनिक शालेय व्यायामशिक्षणाची सुरुवात जर्मन शिक्षक योहान गुट्समुथ्स यांच्यापासून मानली जाते. श्नेपफेंथाल येथील शाळेत त्यांनी अनेक वर्षे मुलांना पद्धतशीर व्यायाम शिकवला आणि १७९३ मध्ये त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. डेन्मार्कमध्ये फ्रान्झ नाख्तेगाल यांच्या प्रयत्नांतून व्यायाम शाळांत आला आणि १८१४ च्या शालेय कायद्यात त्याला जागा मिळाली. जर्मनीत फ्रीडरिश यान यांनी १८११ मध्ये बर्लिनजवळ खुले व्यायाममैदान उभारले. त्यांची चळवळ राष्ट्रवादाने भारलेली होती. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षक घडवणारी संस्था काढली.

या काळातील बऱ्याच व्यायामाला सैन्याची पार्श्वभूमी होती. रांग, आज्ञा, एकाच तालात हात वर-खाली. एका शिक्षकाला शंभर मुले सांभाळायची असतील तर कवायत सोयीची पडते, म्हणून ती टिकली. आजही अनेक शाळांत तासाची पहिली दहा मिनिटे रांगा सरळ करण्यातच जातात.

मुलींच्या शारीरिक शिक्षणात मार्टिना बेर्गमन-ओस्टरबर्ग या स्वीडिश शिक्षिकेचे काम मोठे आहे. त्यांनी १८८५ मध्ये लंडनमध्ये स्त्रियांसाठी व्यायामशिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. १८९५ मध्ये ते डार्टफर्डला हलले. तेथे शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र शिकूनच शिक्षिका बाहेर पडत. या विषयाला अंगमेहनतीइतकाच अभ्यासही लागतो, हे त्यांनी कृतीतून दाखवले.

युनेस्कोने १९७८ मध्ये शारीरिक शिक्षण व खेळाची आंतरराष्ट्रीय सनद स्वीकारून हा प्रत्येकाचा हक्क असल्याचे जाहीर केले. २०१५ च्या सुधारित सनदेत ही जबाबदारी उचलणाऱ्यांकडे योग्य पात्रता व प्रशिक्षण असावे आणि पुढेही शिकत राहण्याची सोय त्यांना मिळावी, असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी. १४६ देशांतील माहितीवर आधारलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११ ते १७ वयोगटातील सुमारे ८१ टक्के विद्यार्थी या मर्यादेच्या खाली आढळले. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होते. आठवड्यातले दोन-तीन तास ही तूट भरून काढू शकत नाहीत. पण शाळेबाहेर मूल खेळेल की नाही, हे बरेचसे त्याला खेळता येते की नाही यावर ठरते, आणि खेळता येणे या तासात शिकवता येते.

तास कसा घडतो

एक साधा हिशेब पाहावा. वर्गात ४० मुले, दोन रांगा, प्रत्येक रांगेला एक चेंडू. मुलाने चेंडू टप्पे देत खुणेपर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. एका फेरीला २० सेकंद लागतात. प्रत्यक्ष ३० मिनिटे मिळाली तरी एका रांगेत ९० फेऱ्या होतात, म्हणजे २० मुलांना प्रत्येकी साडेचार. एका मुलाच्या वाट्याला आलेली हालचाल दीड मिनिट. उरलेले साडेअठ्ठावीस मिनिटे ते उभे असते. आठ रांगा केल्या तर हाच आकडा सहा मिनिटांवर जातो. दोघांत एक चेंडू दिला तर पंधरावर. शिक्षक तोच, मैदान तेच. म्हणून अनुभवी शिक्षक आधी साहित्य मोजतो आणि मग खेळ ठरवतो. चेंडू कमी असतील तर फेकण्याच्या सरावाला कागदाचे बोळे चिकटपट्टीने बांधून केलेले चेंडूही चालतात. बाद झालेल्याने बाहेर बसायचे हा नियमही येथे घातक ठरतो, कारण ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज असते तेच मूल सर्वांत आधी बाहेर बसते.

हालचाल झाली म्हणजे शिक्षण झाले असेही नाही. डोक्यावरून चेंडू फेकण्याचे उदाहरण घ्या. नवशिके मूल लक्ष्याकडे तोंड करून उभे राहते आणि ज्या हाताने फेकते त्याच बाजूचे पाऊल पुढे टाकते. कंबर वळत नाही, सगळा जोर एकट्या हाताचा. ‘जोरात फेक’ असे ओरडून काही साधत नाही. ‘बाजूने उभा राहा’, ‘कोपर खांद्याइतके वर’, ‘दुसरा पाय पुढे’ अशा छोट्या सूचना, एका वेळी एकच, द्याव्या लागतात. जमिनीवर खडूने पावलाची खूण काढली तर लहान मुलांना बोलण्याचीही गरज उरत नाही. लक्ष्य मात्र लांब ठेवावे; जवळच्या लक्ष्यावर मूल अंग न वळवता नुसते ढकलते आणि चुकीची सवय पक्की होते.

खेळ शिकवण्याच्या पद्धतीत मोठा बदल घडवला तो इंग्लंडमधील लफबरो येथील डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी, १९८२ मध्ये. आधी कौशल्ये घोटून घ्यायची आणि शेवटी खेळ, हा क्रम त्यांनी उलटवला. आधी छोटा, सोपा केलेला खेळ द्यावा, मुलांना अडचण जाणवू द्यावी आणि मग कौशल्य शिकवावे. तिघांनी चेंडू एकमेकांकडे द्यायचा आणि मधल्या एकाने तो अडवायचा, या खेळात मोकळी जागा शोधणे दहा मिनिटांत कळते. रांगेत महिनाभर पास देऊनही ते कळत नाही. त्याआधी, १९६६ मध्ये, मस्का मॉस्टन यांनी शिक्षकाच्या संपूर्ण हुकमतीपासून विद्यार्थ्याने स्वतः ठरवण्यापर्यंतच्या अध्यापनशैलींची मांडणी केली होती. अमेरिकन अभ्यासक डॅरिल सीडेन्टॉप यांच्या ‘क्रीडा शिक्षण’ या प्रारूपात मुले दीर्घ हंगामभर एकाच संघात राहतात आणि पंच, नोंदणीकार, संघनायक अशा भूमिका आलटून पालटून करतात.

दिव्यांग मुलांना ‘तू गुण लिही’ म्हणून बाजूला बसवणे ही जुनी वाईट रीत आहे. जागा, काम, साहित्य आणि जोडीदार यांपैकी एखादी गोष्ट बदलली की बहुतेक खेळांत वाट निघते : मैदान लहान करणे, घंटी असलेला चेंडू वापरणे, जाळी खाली घेणे.

मूल्यमापन

अमेरिकेत १९५० च्या दशकात क्राउस-वेबर या स्नायूंची ताकद आणि लवचीकता तपासणाऱ्या चाचणीत तेथील मुले युरोपीय मुलांच्या मागे पडली आणि १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तरुणांच्या तंदुरुस्तीसाठी परिषद नेमली. त्यातून आलेल्या चाचण्यांत मुलांची एकमेकांशी तुलना होई. पुढे १९८२ मध्ये सुरू झालेल्या फिटनेसग्राम या तंदुरुस्ती-चाचण्यांच्या संचामध्ये आरोग्याला पुरेशी पातळी हा निकष आला. हा बदल योग्यच होता. लवकर वयात आलेले मूल धावण्यात पुढे असते, त्यात शिक्षकाचेही श्रेय नाही आणि मुलाचेही. सगळ्या वर्गासमोर वजन करणे किंवा पुलअप्स मोजणे यातून मुलाला लाज तेवढी शिकायला मिळते. तोच विद्यार्थी तीन महिन्यांपूर्वी कुठे होता आणि आज कुठे आहे, ही नोंद उपयोगाची.

शिक्षकाची स्थिती

पुष्कळ शाळांत या विषयाचा शिक्षक एकटाच असतो. गणिताच्या शिक्षकाला शिक्षकखोलीत अडचण विचारायला कोणीतरी भेटते, याला भेटत नाही. परीक्षा जवळ आली की त्याचा तास दुसऱ्या विषयाला जातो. पाऊस आला, सभागृहात कार्यक्रम असला, तरी पहिला त्याचाच तास रद्द होतो. शिस्त, संचलन, स्नेहसंमेलनाची व्यवस्था ही कामे मात्र न सांगता त्याच्याकडे येतात. शिक्षक आणि प्रशिक्षक या दोन भूमिकांत ओढाताण होते आणि शाळा कौतुक चषकांचे करते, म्हणून वेळही तिकडे वळतो. प्रशिक्षण महाविद्यालयात शिकलेल्या नव्या पद्धती शाळेच्या जुन्या रीतींपुढे वर्षा-दोन वर्षांत विरून जातात, हे अनेक देशांतील अभ्यासकांनी नोंदवले आहे. शरीराचा भार वेगळाच : ऊन, गोंगाट, गुडघे आणि आवाज. उघड्या मैदानावर ओरडून घसा बसणे हे या पेशातले नेहमीचे दुखणे आहे. शिट्टी, हात वर करण्याची ठरलेली खूण आणि सूचना देण्याआधी मुलांना जवळ बोलावण्याची सवय यांनी ते बरेच टळते.

प्राथमिक वर्गांत अनेक देशांत हा विषय वर्गशिक्षकच शिकवतात, तेही प्रशिक्षणातल्या थोड्या तासांच्या भांडवलावर. कोलांटी शिकवताना मूल मानेवर पडेल ही त्यांची भीती खरी असते, आणि मग सगळा तास पळापळीवर भागवला जातो. अशा शिक्षकाला शारीरिक शिक्षणाच्या प्रशिक्षित शिक्षकाबरोबर काही आठवडे एकत्र तास घेता आले तर सर्वाधिक फायदा होतो : हनुवटी छातीला कशी लावून घ्यायची, हाताचा आधार कुठे द्यायचा, हे पुस्तकातून येत नाही.

एक दिवसाच्या कार्यशाळेने फारसे बदलत नाही, यावर या क्षेत्रात बरेच एकमत आहे. शिक्षकाला त्याच्या स्वतःच्या मैदानावर, त्याच्या स्वतःच्या मुलांसह, वारंवार आणि सहकाऱ्यांच्या सोबतीने मिळालेली मदत टिकते. शेजारच्या चार-पाच शाळांतील शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकमेकांचा तास पाहणे हा स्वस्त आणि परिणामकारक मार्ग आहे. पाहणाऱ्याने एकच मूल निवडून ते किती वेळ हलले, किती वेळ थांबले, एवढे घड्याळावर टिपले तरी चर्चेला भरपूर मिळते.

तपासणीला येणारे मुख्याध्यापक किंवा अधिकारी पुष्कळदा सरळ रांगा आणि शांतता पाहून तास चांगला म्हणतात. वीस जोड्या वीस चेंडूंशी गुंतल्या असतील तर मैदानावर आवाज होणारच. निरीक्षकाला काय पाहायचे हे शिकवणे हादेखील शिक्षकाला आधार देण्याचाच भाग आहे. वेळापत्रकात तास राखणे, वर्ग एकत्र करून ऐंशी मुले एकाच्या हवाली न करणे, साहित्याला दरवर्षी ठरलेली रक्कम देणे आणि अपघात झाल्यास नियमाने वागलेल्या शिक्षकाच्या मागे उभे राहणे ही मुख्याध्यापकांची कामे आहेत.

वय वाढलेल्या शिक्षकांचा प्रश्न क्वचितच बोलला जातो. पन्नाशीनंतर स्वतः उडी मारून दाखवणे जमत नाही, आणि ते जमायलाच हवे असेही नाही. प्रात्यक्षिक विद्यार्थ्याकडून करवून घेता येते, मोबाइलवरील संथ चित्रफितीत पावलांची जागा दाखवता येते. चूक नेमकी कुठे होते आहे हे ओळखणारी नजर अशा शिक्षकांकडे सर्वांत तयार असते. नवख्या शिक्षकांचे मार्गदर्शक म्हणून त्यांना आठवड्यातले काही तास मोकळे करून देणे शाळासमूहांना सहज शक्य आहे.