मलय भाषा : परदेशी विद्यार्थ्यांचे अध्ययन

मलय ही ऑस्ट्रोनेशियन कुळातील भाषा मलेशियाची राष्ट्रभाषा आहे. उच्च शिक्षणासाठी तेथे येणारे चिनी, बांगलादेशी, अरब आणि आफ्रिकी विद्यार्थी ती दुसरी भाषा म्हणून शिकतात. त्यांचे मुख्य शिक्षण बहुधा इंग्रजीतून चालते. मात्र जेथे माध्यम मलय नाही, तेथे ती सक्तीचा विषय म्हणून शिकवावी, असे 1996चा खासगी उच्च शिक्षणसंस्था कायदा सांगतो. ‘बहासा मलायू कोमुनिकासी’, म्हणजे संभाषणापुरती मलय, हा विषय अभ्यासक्रमात येतो तो यामुळे.

परकीयांनी मलय शिकण्याची परंपरा मात्र फार जुनी आहे, कारण मलाक्काच्या सामुद्रधुनीतील व्यापार शतकानुशतके याच भाषेत चाले. फ्रेडरिक द हाउटमन हा डच दर्यावर्दी सुमात्रा बेटावरील अचे येथे कैदेत असताना मलय शिकला आणि 1603 मध्ये त्याचे संभाषणांसह शब्दसंग्रहाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. एकोणिसाव्या शतकात मलाक्काच्या अब्दुल्ला बिन अब्दुल कादिर यांनी आधी किल्ल्यावरील हिंदी शिपायांना आणि पुढे इंग्रज अधिकारी व पाद्र्यांना मलय शिकवली. ‘मुन्शी’ ही त्यांची उपाधी त्या शिपायांनी दिलेली. पाद्री मलय शब्द इंग्रजीच्या साच्यात बसवतात, ही त्यांची तक्रार आजच्या शिक्षकालाही पटेल.

मलय सोपी आहे असे सर्रास सांगितले जाते, आणि पहिल्या काही महिन्यांपुरते ते खरेही आहे. लिपी रोमन, नामांना लिंग नाही, क्रियापदे काळानुसार बदलत नाहीत. ‘सुदाह’ लावले की क्रिया झालेली, ‘सदाङ’ लावले की चालू, ‘अकान’ लावले की व्हायची. खरी परीक्षा उपसर्ग-प्रत्ययांपाशी सुरू होते. ‘आजर’ या एका धातूपासून ‘बलाजर’ (शिकणे), ‘मङाजर’ (शिकवणे), ‘पलाजर’ (विद्यार्थी) आणि ‘पलाजरान’ (धडा) असे शब्द बनतात. शिवाय उपसर्ग लागताना धातूचा पहिला वर्ण कधी टिकतो, कधी गळतो : ‘बाचा’चे (वाचणे) ‘मम्बाचा’ होते, पण ‘तुलिस’चे (लिहिणे) ‘मनुलिस’. नवा विद्यार्थी शब्दकोशात ‘मनुलिस’ शोधत बसतो आणि शब्द सापडतो ‘त’खाली. ज्या वर्गात हे नियम केवळ तक्त्याने पाठ करून घेतले जातात, तेथील विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होतात, पण वर्तमानपत्र वाचू शकत नाहीत. धातूभोवतीचे शब्दकुटुंब वाचनातून ओळखीचे करून देणे हाच त्यावरचा उपाय दिसतो.

उच्चारांच्या अडचणी मातृभाषेप्रमाणे बदलतात. अरबीत ‘प’ नसल्याने अरब विद्यार्थ्याच्या तोंडी ‘पागी’ (सकाळ) आणि ‘बागी’ (देणे) एक होतात. रोमन ‘ई’ (e) या एकाच अक्षरात ‘अ’ आणि ‘ए’ हे दोन्ही उच्चार लपलेले असतात : ‘पराङ’ म्हणजे युद्ध, ‘पेराङ’ म्हणजे तपकिरी, लेखन मात्र सारखेच.

मराठीभाषकाला काही गोष्टी आयत्या मिळतात. ‘कीता’ आणि ‘कामी’ हा भेद इंग्रजीतून शिकणाऱ्याला दीर्घकाळ छळतो. मराठीत तो ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा आहेच. ‘तिदाक’ व ‘बुकान’ यांचे नाते पुष्कळ अंशी ‘नाही’ व ‘नव्हे’ यांच्यासारखे. ‘नामा’, ‘रासा’, ‘भूमी’चे ‘बूमी’ हे संस्कृतातून गेलेले शब्द लगेच ओळखू येतात. पण विशेषण नामानंतर येते, ‘रूमाह बसार’ म्हणजे ‘घर मोठे’, आणि मराठी माणूस नेमका तेथेच अडखळतो.

सर्वांत मोठे अंतर पुस्तक आणि रस्ता यांत आहे. वर्गात शिकवलेले ‘तिदाक’ बाहेर ‘तक’ होते, ‘हंदाक’ (हवे असणे) ‘नक’ होते, ‘सुदाह’ ‘दाह’ होते. मलेशियाच्या केलांतान राज्यात तर ‘माकान’चे (जेवणे) ‘माके’ होते. पुस्तकातील ‘आंदा’ (तुम्ही) प्रत्यक्षात परके वाटते. दुकानदाराला ‘आबाङ’ (दादा), वडीलधाऱ्या बाईला ‘माकचिक’ (मावशी) म्हणावे लागते. हे सारे ‘पासार मालाम’ या रात्रबाजारात भाजी घेताना जितके लवकर येते, तितके भाषेच्या तासाला येत नाही. दुर्दैवाने क्वालालंपूरमध्ये परका चेहरा दिसताच समोरचा माणूस सौजन्याने इंग्रजीत बोलू लागतो आणि सरावाची संधी जाते. लहान गावांत राहणाऱ्यांची मलय म्हणूनच अधिक वेगाने सुधारते.

मलेशिया आणि इंडोनेशिया यांनी 1972 मध्ये शुद्धलेखन बहुतांशी एक केल्यामुळे मलय शिकलेला विद्यार्थी इंडोनेशियन मजकूरही वाचू शकतो. तरी शब्दार्थ जपावे लागतात. ‘पर्चुमा’ म्हणजे मलेशियात मोफत, इंडोनेशियात व्यर्थ. आणि ‘पजाबत’ मलेशियात कार्यालय, तर इंडोनेशियात अधिकारी.