टोल्युइन-मेथनॉल वेगळं होत नाही? कॉलम उंच करण्याआधी हे वाचा

सॉल्व्हंट रिकव्हरी करणाऱ्या, म्हणजे वापरलेली द्रावकं पुन्हा शुद्ध करणाऱ्या, कारखान्यांकडून आमच्याकडे नेहमी येणारी मागणी म्हणजे, ‘कॉलम (डिस्टिलेशनचा उभा मनोरा) दोन मीटरने वाढवून द्या.’ वाढवून देणं हा आमचा धंदाच आहे, त्यामुळे नाही म्हणणं जिवावर येतं. तरी सांगतो, बऱ्याच ठिकाणी उंची पुरेशी असते. घोटाळा असतो तो मिश्रणात, रिफ्लक्समध्ये (माथ्यावर आलेला माल कॉलममध्ये परत सोडण्यात), नाहीतर तापमान जिथे मोजलं जातं त्या जागेत. ऑर्डर देण्याआधी प्लांट इन्चार्जला सोबत घेऊन हे पत्रक एकदा वाचा.

आधी मिश्रण ओळखा

मेथनॉल ६४.७ अंशांना उकळतं, टोल्युइन ११०.६ अंशांना. मधलं अंतर जवळजवळ ४६ अंशांचं. कागदावर याहून सोपं काम नाही. प्रत्यक्षात बॅच लावली की ६४ च्या आसपास जे वर येतं त्यात वजनाने साधारण ७० टक्के मेथनॉल आणि ३० टक्के टोल्युइन असतं. या दोघांचा अ‍ॅझिओट्रोप होतो, म्हणजे त्या प्रमाणात द्रवात जे असतं तेच वाफेतही असतं, आणि कितीही वेळा उकळलं तरी पुढे काही वेगळं होत नाही. इथे १५ मीटरचा कॉलम लावा की ३० मीटरचा, ड्रममध्ये येणार तेच. त्यात अ‍ॅझिओट्रोप आणि शुद्ध मेथनॉल यांच्या उकळबिंदूत फरक जेमतेम एका अंशाचा. पॅनेलवर ६४ दिसले की ऑपरेटर मेथनॉलचा ड्रम लावतो, आणि जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे शुद्धतेच्या तपासणीचा) रिपोर्ट आला की बोल कॉलमला.

यावरचा उपाय स्वस्त आहे: पाणी. मिश्रण पाण्याने धुतलं की मेथनॉल पाण्यात उतरतं आणि टोल्युइनचा थर वर राहतो. त्या टोल्युइनमध्ये थोडं पाणी उरतं, पण ते डिस्टिलेशनच्या सुरुवातीलाच ८५ अंशांच्या आसपास टोल्युइनला सोबत घेऊन निघून जातं. डिकँटरमध्ये (थर वेगळे करायच्या भांड्यात) खालचं पाणी सोडा, वरचं टोल्युइन परत कॉलममध्ये घ्या. मागे राहतं ते कोरडं टोल्युइन. पाण्यातलं मेथनॉल काढायला मात्र कॉलम लागतो, पण मेथनॉल-पाण्याचा अ‍ॅझिओट्रोप होत नाही, त्यामुळे साधा, मध्यम उंचीचा कॉलमही ते काम नीट करतो. तळाच्या पाण्यात मेथनॉल सोडू नका. तिथे राहिलेलं एक किलो मेथनॉल ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटवर) दीड किलो सीओडी (सांडपाण्यातल्या प्रदूषणाचं माप) चढवतं.

आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल)-पाणी, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान)-पाणी, इथाइल अ‍ॅसिटेट-पाणी या जोड्याही अशाच अडतात. प्रत्येकीची वाट वेगळी. नमुना पाहिल्याशिवाय आम्ही बोलत नाही.

मग उंची लागते तरी कधी?

अ‍ॅझिओट्रोप नसेल तर प्रश्न उरतो तो दोन द्रवांच्या बाष्पशीलतेच्या गुणोत्तराचा. वर ९९ टक्के आणि तळाशीही ९९ टक्के शुद्धता हवी असेल, तर गुणोत्तर ३ असताना किमान ९ टप्पे (उकळून पुन्हा द्रव होण्याच्या पायऱ्या) लागतात, १.५ असताना २३ आणि १.२ असताना ५१. हा फेन्स्के यांच्या १९३२ सालच्या सूत्राचा हिशेब आहे आणि तोही सगळा माल रिफ्लक्सला परत पाठवला तरचा. प्रत्यक्ष चालवताना टप्पे याहून जास्त धरावे लागतात. २५ मिमी पॉल रिंगांच्या पॅकिंगमध्ये (कॉलममध्ये भरलेल्या छोट्या कड्यांच्या थरात) एका टप्प्याला साधारण अर्धा मीटर उंची लागते. तेव्हा ५१ टप्प्यांचं काम सहा मीटरच्या कॉलमवर करू पाहणाऱ्याला उंचीच हवी. असं असेल तर आम्ही आनंदाने कोटेशन देऊ.

पण उंची असूनही टप्पे भरत नसतील तर मॅनहोल उघडून डिस्ट्रिब्युटर (पॅकिंगवर द्रव सारखा पसरवणारा भाग) बघा. तो लेव्हलला नसेल तर तिरक्या ताटातल्या आमटीसारखा सगळा द्रव एका कडेला जातो आणि उरलेलं पॅकिंग कोरडं राहतं. कॉलम ओळंब्यात आहे का तेही तपासा. १५० मिमी व्यासाच्या कॉलममध्ये २५ मिमीच्या रिंगा टाकलेल्या आम्हाला अजूनही सापडतात. रिंग व्यासाच्या आठव्या भागाहून मोठी नसावी, नाहीतर द्रव भिंतीला धरून खाली पळतो. पॅकिंग खूप उंच असेल तर मधे दुसरा डिस्ट्रिब्युटर लागतोच.

तापमान कुठे मोजता?

बहुतेक ठिकाणी एकच आरटीडी (तापमान मोजणारा सेन्सर) असतो, तोही कॉलमच्या माथ्यावर, आणि त्याच्यावर सगळा कारभार. मेथनॉल-पाण्याचंच उदाहरण घ्या. माथ्यावरच्या मेथनॉलमध्ये ५ मोल टक्के (वजनाने नव्हे, रेणूंच्या संख्येने) पाणी आलं तरी उकळबिंदू जेमतेम अर्धा अंश वर जातो. साध्या बी वर्गाच्या पीटी-१०० आरटीडीला ६५ अंशांवर ०.६ अंशाची चूक माफ असते. म्हणजे माल बिघडला तरी पॅनेल गप्पच. कॉलमच्या मधल्या भागात मात्र ५० मोल टक्के मेथनॉल ७३ च्या आसपास उकळतं आणि १० मोल टक्के ८८ च्या आसपास. तिथे बसवलेला आरटीडी, पाणी वर सरकू लागलं की कित्येक मिनिटं आधी आणि कित्येक अंशांनी ओरडतो. रिफ्लक्स टायमर किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह त्या मधल्या तापमानाला जोडा, माथ्याचं फक्त बघायला ठेवा. नेमक्या कोणत्या उंचीवर बसवायचा ते तुमच्या मिश्रणावर ठरतं. आम्ही तीन-चार जागी थर्मोवेल (आरटीडी बसवायची बंद नळी) देतो आणि दोन बॅच चालवून जागा नक्की करतो. थर्मोवेलमध्ये थोडं थर्मिक ऑइल घाला. नुसती हवा असेल तर आरटीडी मागे पडतो.

दुसरी गोष्ट हवेच्या दाबाची. पुस्तकातले उकळबिंदू समुद्रसपाटीचे असतात. तारापूरला ते बरोबर ठरतात. पुणे परिसर साधारण ५६० मीटर उंचीवर, तिथे टोल्युइन १०८ च्या थोडं वर उकळतं. एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) ‘११० आल्यावर मेन कट (मुख्य, शुद्ध माल) घ्या’ असं लिहिलेलं असेल तर ते ११० यायचेच नाहीत. बिचारा ऑपरेटर स्टीम वाढवत बसतो, कॉलम फ्लड होतो (द्रव खाली न उतरता आत तुंबतो) आणि तळातला रंगीत माल कंडेन्सरपर्यंत पोचतो. कट-पॉइंट तुमच्या जागेवर, शुद्ध सॉल्व्हंट उकळून ठरवा.

स्टीमचंही तसंच. शेजारच्या रिअ‍ॅक्टरने हेडरवरून (सामाईक स्टीम लाइनवरून) स्टीम ओढली की तुमचा कॉलम डळमळतो. रिबॉयलरला (तळाचा माल उकळणाऱ्या उपकरणाला) स्वतंत्र प्रेशर कंट्रोल द्या आणि कॉलमच्या वर-खालच्या दाबातल्या फरकावर लक्ष ठेवा; फ्लडिंगची पहिली खूण तिथेच दिसते. लॅगिंग (उष्णता रोखणारं आवरण) नसलेला कॉलम उघड्यावर असेल तर जूनमधली एक जोरदार सर बॅच बिघडवायला पुरते: भिंतीवर वाफ थिजते, आतल्या आत रिफ्लक्स वाढतो आणि माथ्यावर माल येणं कमी होतं.

बॅच सुरू करताना तापमानं स्थिरावेपर्यंत पूर्ण रिफ्लक्सवर ठेवा. उत्पादनाची घाई असते हे आम्हाला कळतं, पण इथे वाचवलेला अर्धा तास इंटरकटच्या (दोन कटांमधल्या मिसळलेल्या मालाच्या) ड्रममध्ये परत मिळतो. इंटरकट पुढच्या बॅचमध्ये टाका, मेन कटमध्ये मिसळू नका.

हे मात्र टाळू नका

कूलिंग वॉटर बंद पडलं की स्टीम आपोआप बंद झालीच पाहिजे; हा इंटरलॉक नसेल तर आम्ही कॉलम चालू करून देत नाही. मेथनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, हे कामगारांना सांगून ठेवा. टीएचएफ असेल तर पेरॉक्साइडची तपासणी केल्याशिवाय बॅच लावू नका आणि तळ कधीही कोरडा होऊ देऊ नका.

आमच्याकडे येताना

कॉलमचं ड्रॉइंग, एका पूर्ण बॅचचं लॉगशीट, फीड आणि मेन कटचे जीसी रिपोर्ट आणि पाण्याचा केएफ (कार्ल फिशर चाचणीचा आकडा) एवढं आणा. लॉगशीट जसं असेल तसं आणा, फेअर करत बसू नका. खाडाखोडीतूनच आम्हाला कळतं की कोणत्या वेळी काय हललं. पाहणीचे पैसे आम्ही घेत नाही. नमुना कुरिअरने पाठवू नका, ज्वालाग्राही माल आहे. फोन करा, आमचा माणूस योग्य डबा घेऊन येईल आणि तुमच्या माणसासमोर भरून नेईल.