ईमेलच्या मोडलेल्या ओळी आणि हुकणारे फिल्टर

इनबॉक्समध्ये मेलचा विषय एका सलग ओळीत दिसतो. सर्व्हरवरून जाताना मात्र त्याचे तुकडे झालेले असू शकतात. ईमेलच्या रचनेचं मानक, २००८ सालचं आरएफसी ५३२२, म्हणतं की एका ओळीत ९९८ पेक्षा जास्त अक्षरं चालणार नाहीत, आणि शक्यतो ७८ च्या आतच राहावं. म्हणून लांब हेडर, म्हणजे मेलच्या सुरुवातीची विषय किंवा ‘टू:’ (कोणाला) यांसारखी माहिती, मोडायची सोय आहे: ओळ स्पेसने किंवा टॅबने सुरू झाली, की ती आधीच्याच हेडरचा भाग.

‘ग्रेप’सारखी ओळीगणिक शोधणारी साधनं इथेच हुकतात. समजा, मेल आपोआप ठरावीक फोल्डरमध्ये टाकणाऱ्या फिल्टरसाठी ‘टू:’ने सुरू होणाऱ्या ओळीत ऑफिसच्या ग्रुपचा पत्ता शोधा, असा नियम केला. पत्ता एकटा असेल तर तो सापडतो. बऱ्याच जणांना एकत्र गेलेल्या मेलमध्ये तोच पत्ता तिसऱ्या ओळीवर जातो, तिथे सुरुवातीला ‘टू:’ नसतं, आणि मेल भलत्या फोल्डरमध्ये पडते. चाचणीच्या मेलचे हेडर आखूड असल्यामुळे हा दोष लवकर लक्षातही येत नाही.

मराठी विषयाचे हाल याहून जास्त. जुन्या मेलव्यवस्थेला फक्त रोमन अक्षरं कळत, म्हणून आरएफसी २०४७ प्रमाणे देवनागरी मजकूर सांकेतिक रूपात जातो. असा एक तुकडा ७५ अक्षरांचा आणि तुकडा असलेली ओळ ७६ अक्षरांची, ही मर्यादा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, तीन बाइट घेतं. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस’ एवढ्याशा विषयाचे ८४ बाइट होतात. बाइट रोमन अक्षरांत आणि आकड्यांत लिहिण्याच्या बेस-६४ पद्धतीत पहिल्या ओळीत जास्तीत जास्त ३९ बाइट बसतात. ओळ ठासून भरली, तर ती ‘सर्वस’वर तुटते, ‘ाधारण’ खाली जातं आणि ‘नोटीस’मधला ‘स’ एकटा तिसऱ्या ओळीवर उरतो. इथे ‘सर्वसाधारण’ शोधून मिळणार कुठून?

उपाय क्रमात आहे. आधी मोडलेल्या ओळी जोडायच्या, मग संकेत उलगडायचा आणि शेवटी शब्द शोधायचा. जोडताना फक्त ओळ बदलण्याचं चिन्ह काढायचं, पुढची स्पेस किंवा टॅब ठेवायची. म्हणून नियमातही दोन शब्दांमध्ये नेमकी एक स्पेस न मागता ‘एक किंवा जास्त रिकाम्या जागा’ असं लिहावं. दोन सांकेतिक तुकड्यांमधली रिकामी जागा मात्र पूर्ण गाळायची, नाहीतर ‘सर्वस ाधारण’ असं काहीतरी हाती येतं.

‘प्रोकमेल’ हा मेल फिल्टर करणारा प्रोग्राम ओळी जोडून घेतो, पण संकेत उलगडत नाही. फिल्टर लिहिण्यासाठीच्या ‘सीव्ह’ भाषेत दोन्ही कामं मानकातच आहेत, त्यामुळे मराठी मेलसाठी माझी पसंती तिलाच. स्वतः फिल्टर पायथन भाषेत लिहिणार असाल, तर तिच्यातल्या ईमेल मॉड्यूलला ‘पॉलिसी डिफॉल्ट’ ही सेटिंग स्पष्टपणे द्या. काहीच न दिल्यास जुनी पद्धत लागू होते आणि हेडर मोडलेलाच मिळतो.