‘सुपर’ नसलेला टॉप-अप

अमळनेरला लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न भरून द्यायचं माझं काम आहे. जून-जुलैत लोक फॉर्म १६, बँकेचं स्टेटमेंट आणि मेडिक्लेमची पावती घेऊन येतात. पूर्वी पावती सरळ माझ्या टेबलावर पडायची. हल्ली बरेच जण ती आधी स्वतः उलगडतात, आकडा पुन्हा एकदा वाचतात आणि मग देतात.

कापडाचं दुकान असलेले आमचे एक आप्पा आहेत, वय ५७. नवरा-बायकोची १० लाखांची फ्लोटर पॉलिसी, म्हणजे दोघांत मिळून एकच रक्कम. यंदा नूतनीकरणाची नोटीस ४२ हजारांची आली. दुकानातून महिन्याला घरात ५५ हजार येतात, म्हणजे पाऊण महिन्याची कमाई त्या एका कागदावर. “हप्ता भरी भरीसनच मानूस आजारी पडी जाई,” आप्पा म्हणाले. त्यांच्या एजंटने तोड काढली होती: बेस, म्हणजे मूळची पॉलिसी ५ लाखांवर आणा, ५ लाखांच्या पुढे टॉप-अप घ्या, एकूण हप्ता बराच उतरेल. तोड चुकीची नव्हती. मी एवढंच विचारलं, “टॉप-अप की सुपर टॉप-अप?”

“एकच ना ते? सुपर म्हणजे जरा मोठा.”

एकच नाही. आणि हे मला कुठे वाचून कळलेलं नाही, २ लाख ६० हजार रुपये मोजून कळलंय.

आधी दोन्हींत सारखं काय ते सांगतो. दोन्ही वरच्या मजल्यावरच्या पॉलिसी. दवाखान्याचा खर्च एका ठरलेल्या रकमेच्या पुढे गेला की मगच त्या दार उघडतात. त्या रकमेला डिडक्टिबल म्हणतात. तिथपर्यंतचा खर्च बेस पॉलिसीने दिला, नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीने दिला की घरातल्या कपाटातून गेला, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. बेस नसला तरी त्या घेता येतात. स्वस्त असण्याचं कारणही हेच: लोकांची बहुतेक बिलं डिडक्टिबलच्या खालीच राहतात, त्यामुळे कंपनीच्या खिशाला हात क्वचित लागतो.

फरक आहे तो डिडक्टिबल मोजायच्या पद्धतीत. टॉप-अप दर वेळी ॲडमिट झालात की शून्यापासून मोजतो. सुपर टॉप-अप पॉलिसी-वर्षातल्या सगळ्या बिलांची बेरीज करतो आणि ती बेरीज डिडक्टिबलच्या पुढे गेली की वरचं देतो.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना हे सांगायला मला कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली नाहीत. हवामानावर आधारित फळपीक विम्यात ‘सलग इतके दिवस पारा इतका खाली’ अशी अट असते. मध्ये एक रात्र उबदार गेली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बागेला गारठा एकूण किती रात्री लागला, हे ती अट विचारत नाही. टॉप-अप त्याच जातीचा. सुपर टॉप-अपमध्ये मोजणी तुटत नाही.

आता माझी गोष्ट. आईची ३ लाखांची जुनी पॉलिसी होती. ती वाढवायची तर हप्ता परवडेना, म्हणून मी ३ लाखांच्या डिडक्टिबलचा टॉप-अप घेतला. सुपर टॉप-अप थोडा महाग होता, वर्षाला हजाराच्या आतबाहेर. ते हजार मी वाचवले. जूनमध्ये आईची अँजिओप्लास्टी झाली, बिल ३ लाख १० हजार. बेसने ३ लाख दिले, टॉप-अपने वरचे १० हजार दिले. मी खूश. जानेवारीत आई ओट्यावरून पडली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशनचं बिल २ लाख ६० हजार. बेस जूनमध्येच संपला होता. टॉप-अपच्या दृष्टीने हे नवं बिल, ३ लाखांच्या आतलं, म्हणून त्याने एक रुपया दिला नाही. सुपर असता तर बेरीज झाली असती ५ लाख ७०, त्यातून ३ लाख वजा, उरलेले सगळे २ लाख ७० हजार त्याने भरले असते. कंपनीने काही चुकीचं केलं नाही. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. लोकांचे कागद तपासून पोट भरणाऱ्या माणसाने स्वतःचा तपासला नव्हता, इतकंच.

मग टॉप-अप निरुपयोगीच का? एकच मोठं बिल आलं तर दोघांत काही फरक नाही. ५ लाखांचं डिडक्टिबल आणि ९ लाखांचं एक बिल: दोन्हीही ४ लाख देतात. फरक पडतो तो दवाखान्याच्या फेऱ्या होतात तेव्हा. केमोथेरपी, डायलिसिस, एका पायाचा गुडघा या दिवाळीला आणि दुसऱ्याचा होळीला. फ्लोटरमध्ये तर सगळ्या घराची बिलं एका बेरजेत येतात: बापाची हर्नियाची शस्त्रक्रिया, आईचा न्यूमोनिया, पोराचा अपघात. यातलं एकेक बिल टॉप-अपला हसतहसत नाकारता येतं. चाळिशी ओलांडलेल्या घरात एकच आजार येऊन थांबेल, असं मला तरी वाटत नाही.

इथे एक बारकावा, एजंटही सहसा सांगत नाहीत. तोच आजार शेवटच्या तपासणीपासून ४५ दिवसांच्या आत उलटला, तर विम्याच्या ठरलेल्या व्याख्येप्रमाणे तो ‘एकच आजार’ धरतात. डिडक्टिबल ‘एका आजाराला’ असं लिहिलेल्या टॉप-अपमध्ये मग ती दोन बिलं एकत्र मोजली जाऊ शकतात. आणि बेस पॉलिसीत रक्कम पुन्हा भरून देण्याची, म्हणजे रिस्टोअरची सोय असेल, तर दुसरं बिल बेसच उचलू शकतो, साध्या टॉप-अपचा तोटा तेवढा कमी होतो. पण काही पॉलिसींत ही सोय त्याच आजारासाठी चालत नाही. केमोवाल्याला नेमकी तिथेच ती हवी असते.

तारखा जुळवा

सुपर टॉप-अप घेऊनही माणूस फसतो तो इथे. ‘वर्षभराची बेरीज’ यातलं वर्ष कुणाचं? सुपर टॉप-अपचं स्वतःचं. समजा बेस एप्रिल ते मार्च चालतो आणि सुपर टॉप-अप तुम्ही ऑक्टोबरमध्ये घेतला, दोन्हींचा आकडा ५ लाख. ऑगस्टमध्ये ४ लाखांचं बिल, नोव्हेंबरमध्ये पुन्हा ४ लाखांचं. बेससाठी हे एकच वर्ष, तो ५ लाख देऊन रिकामा. सुपर टॉप-अपसाठी ऑगस्ट गेल्या वर्षात आणि नोव्हेंबर या वर्षात, कुठल्याच वर्षात बेरीज ५ लाखांपुढे जात नाही. तो शून्य देतो. ३ लाख तुमचे. दोन्ही पॉलिसी एकाच तारखेला सुरू केल्या असत्या तर हे ३ लाख वाचले असते. म्हणून बेसच्या नूतनीकरणालाच सुपर टॉप-अप घ्यावा. आधीच वेगळ्या तारखेला घेतला असेल तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी तारखा एक करता येतात का, ते कंपनीला लेखी विचारावं.

बाकीच्या अटी झटपट. वरच्या पॉलिसीची प्रतीक्षा, म्हणजे क्लेम न मिळण्याचा काळ, वेगळी चालू होते: सुरुवातीचे ३० दिवस, मोतीबिंदू-हर्निया-गुडघा अशा यादीतल्या आजारांना बहुधा २ वर्षं, आणि आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षं. ही मर्यादा २०२४ पर्यंत ४ वर्षं होती. बेस दहा वर्षं जुना आहे म्हणून नव्या सुपर टॉप-अपमध्ये सूट मिळेल, असं धरू नका. शुगर-बीपी लपवू नका. बिलातल्या हातमोजे-कापूस अशा न मिळणाऱ्या वस्तू डिडक्टिबलच्या मोजणीतही धरत नाहीत, म्हणजे तुमच्या हिशेबाने ५ लाख झाले तरी त्यांच्या हिशेबाने ४ लाख ८० हजारच झालेले असू शकतात.

आणि खान्देशासाठी खास एक गोष्ट. आपल्याकडचा मोठा आजार आपल्याकडे थांबत नाही. जळगाव-धुळ्याहून माणूस नाशिकला, संभाजीनगरला, नाहीतर मुंबईला जातो. नंदुरबार-नवापूरचा रेल्वेने सुरत गाठतो. काही कंपन्या पिनकोडप्रमाणे विभाग पाडून हप्ता ठरवतात. लहान गावच्या पत्त्यावर हप्ता कमी, पण महाग विभागातल्या शहरात उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक टक्का तुमच्या माथी. हा को-पे डिडक्टिबलपेक्षा वेगळा. डिडक्टिबल ही खालची ठरलेली रक्कम, को-पे हा प्रत्येक बिलातला हिस्सा, बिल वाढेल तसा वाढणारा. बेस आणि सुपर टॉप-अप दोन्हींत ही अट आहे का, ते बघूनच सही करावी.

परवडतं का मग?

माझ्याकडच्या फायलींवरून सांगतो. १० किंवा १५ लाखांची एकच पॉलिसी पन्नाशी-साठीच्या जोडप्याला, ५०-६० हजारांच्या महिन्यात, परवडत नाही. ओढूनताणून भरतात, दोन वर्षांनी सोडून देतात, आणि तेव्हा वयाने नवी मिळणंही अवघड झालेलं असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी गेला. ३० हजारांच्या हप्त्यावर ५,४०० रुपये सुटले. पण वयाचा टप्पा ओलांडला किंवा कंपनीने दर सुधारले की ते ५,४०० कुठे गेले ते कळतही नाही. साठीपुढच्यांना विमा नियामक आयआरडीएआयने जानेवारी २०२५ मध्ये थोडं संरक्षण दिलं: वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करायची तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं. आप्पा ५७ चे, त्यांना ते लागू नाही.

माझ्या धंद्यातली एक कबुली. पूर्वी निम्मे लोक मेडिक्लेम घ्यायचे ते आयकराच्या ८०डी कलमासाठी, २५ हजारांपर्यंतची वजावट, ज्येष्ठ आईवडिलांचा हप्ता भरला तर आणखी ५० हजारांपर्यंत. ही वजावट जुन्या कररचनेतच मिळते. नव्या रचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर करच लागत नाही, म्हणून मध्यमवर्ग तिकडे गेला आणि ‘टॅक्स वाचतो’ हे कारण उडालं. माझ्याकडच्या दोन जणांनी पॉलिसीच बंद केली. कर वाचला म्हणून घेतलेला विमा कर नसला की नकोसा होतो, यात नवल काय.

५ लाखांचा बेस आणि त्यावर १० किंवा १५ लाखांचा सुपर टॉप-अप, हे गणित मात्र या उत्पन्नाच्या बऱ्याच घरांना झेपतं, तेही चाळिशी-पंचेचाळिशीत, शुगर लागायच्या आत घेतलं तर. काही जण बेसही सोडून फक्त सुपर टॉप-अप ठेवायचं म्हणतात. त्यांना मी एकच विचारतो: डिडक्टिबलची रक्कम जुलैत निघेल का? कपाशीचा पैसा दिवाळीच्या पुढेमागे येतो, केळीचा कापणीला. दवाखाना त्याची वाट बघत नाही. एफडी मोडून किंवा सोनं तारण ठेवून दोन दिवसांत जेवढे उभे राहतात, तेवढंच डिडक्टिबल आपलं; त्याहून मोठं घेतलं तर हप्ता उतरतो आणि रात्रीची झोपही.

‘पण सरकारी योजना आहे ना?’ आहे, आणि ती कमी लेखू नये. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पांढरं रेशनकार्डवालेही त्यात आले. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. हे ऑक्टोबर २०२४ पासून. घरात कुणी सत्तरीच्या पुढे असेल तर ते कार्ड आधी काढून ठेवा. मात्र ही योजना ठरलेल्या रुग्णालयांत, ठरलेल्या उपचारांना, ठरलेल्या दराने चालते. तिला सुपर टॉप-अपच्या डिडक्टिबलमध्ये गृहीत धरून हिशेब करू नये.

कागद कसा ओळखायचा, तर नावावर जाऊ नका. काही पॉलिसींच्या नावात ना टॉप-अप असतो ना सुपर. पॉलिसीसोबत ग्राहक माहितीपत्रक येतं, त्यात डिडक्टिबलची ओळ शोधा. ‘ॲग्रिगेट’ किंवा ‘पॉलिसी-वर्षातील एकूण’ असं असेल तर सुपर. ‘प्रत्येक क्लेम’, ‘प्रत्येक वेळी ॲडमिट’ असं असेल तर साधा. हे पत्रक मागितलं तर मराठीतही मिळायला हवं. घेऊन झाल्यावर चूक लक्षात आली तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, थोडी वजावट होऊन पैसे मिळतात. माझे ते ३० दिवस कधीच उलटून गेले होते.

आप्पांनी माझ्यासमोरच एजंटला फोन लावला, स्पीकरवर. “डिडक्टिबल दर क्लेमला का वर्षाला?” पलीकडे गाडीचा हॉर्न वाजत होता, कुणीतरी चहा सांगत होतं.

“बघून सांगतो, आप्पा,” तो म्हणाला.